अकरा आठवड्यांचे पिल्लू बूड घासत चालते आणि त्याला मासळीचा वास येतो. गुदग्रंथी घरीच पिळाव्यात का?

ओटीवरची (हर्णै, ता. दापोली)

नमस्कार. आषाढाच्या सुरुवातीला शेजारच्या वाडीत व्यालेल्या गावठी कुत्रीचे एक पिल्लू आम्ही घरी आणले. तेव्हा ते साधारण सहा आठवड्यांचे होते, म्हणजे आज अकरा आठवड्यांचे झाले. नाव काजू. काल किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचे वजन चार किलो भरले.

आणल्यापासून आठ-दहा दिवसांतच त्याला मासळीसारखा वास येऊ लागला होता, परंतु आम्हाला त्याचे काहीच वाटले नाही. जून-जुलै मासेमारी बंद असली तरी पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील, सुकट आणि खारवलेले बांगडे माळ्यावरच्या डब्यांत असतातच, आणि बंदराजवळच्या घरात मासळीच्या वासावरून कोणी कोणावर संशय घेत नाही. श्रावण लागला तेव्हा सासूबाईंनी डब्यांची तोंडे फडक्याने बांधली, तवे आणि कालवणाची भांडी चिंचेने घासून फडताळात वर ठेवली, तरीही वास जाईना. तीन दिवस त्या घरभर वास घेत हिंडल्या आणि अखेर ओटीवरच्या काजूच्या गोधडीपाशी येऊन थांबल्या. गोधडीवर हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन-तीन तपकिरी डाग होते आणि वास तिथलाच होता.

त्यानंतर आम्ही लक्ष ठेवले. काजू दिवसातून तीन-चार वेळा ओटीच्या लादीवर बूड टेकवतो, मागचे पाय पुढे ताणतो आणि तसाच हातभर घसटत जातो. मधूनच दचकून मागे वळतो आणि शेपटीच्या बुडाशी चाटत राहतो. शी करताना तो रडत नाही, मात्र शी कधीच घट्ट नसते. भिजवलेल्या नाचणीच्या पिठासारखी असते. खाण्यात सकाळ-संध्याकाळ म्हशीचे दूध आणि भात, दुपारी पेज, आणि श्रावणापूर्वी असतील तेव्हा सुक्या बांगड्याची डोकी. जंतांचे पातळ औषध घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा पाजले होते. पहिली लस आठव्या आठवड्यात झाली आहे.

पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर चित्रफिती पाहून निदान केले आहे की हा गुदग्रंथींचा त्रास आहे आणि त्या पिळून रिकाम्या केल्या की भागते. आमचे यजमान हातमोजे आणून तयारच आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की माशांची डोकी खाल्ल्याचा हा वास आहे आणि तो श्रावणात आपोआप जाईल. इतक्या लहान पिल्लाच्या ग्रंथी घरी पिळाव्यात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीपलीकडे (मालवण)

आमच्या कुत्रीला असेच होत होते. चमचाभर इसबगोल दुधातून सुरू केले आणि आठवड्यात शी घट्ट झाली, घासणेही थांबले. तुम्हीही करून पाहा. ग्रंथी पिळण्याच्या भानगडीत मात्र पडू नका, पिल्लू चावेल.

नारळीपोफळी (रेवदंडा)

पिल्लू चावेल हे तर आहेच, परंतु मला त्याहून मोठे कारण सांगायचे आहे, कारण ही चूक मी पैसे मोजून केलेली आहे.

आमच्याकडे एक पांढरा स्पिट्झ होता. तो चार महिन्यांचा असताना त्याला केस कापण्यासाठी शहरातील एका दुकानात नेत असू. तिथे आंघोळ, नखे आणि कान यांच्याबरोबर गुदग्रंथी रिकाम्या करणे हेही ठरलेल्या कामांपैकी एक होते. त्याला तोवर कसलाही त्रास नव्हता. दर महिन्याला ते पिळत, आम्ही समाधानाने पैसे देत असू. सहा-सात महिन्यांनी असे होऊ लागले की महिना पुरा व्हायच्या आत तो बूड घासायचा, मग आम्ही पंधरा दिवसांनी नेऊ लागलो, मग आठ दिवसांनी. जितके पिळावे तितक्या लवकर तक्रार परत येई आणि आम्हाला वाटे की याच्या ग्रंथीच खराब आहेत, बरे झाले आपण वेळेवर पिळून घेतो.

पुढे एका जुलैमध्ये उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. कातडी आधी लाल आणि मग जांभळी झाली, शनिवारी रात्री ती फुटली, आणि पावसाळ्यातल्या माश्यांना एवढी संधी पुष्कळ झाली. सोमवारी सकाळी जखमेत अळ्या वळवळताना दिसल्या. शेजाऱ्यांनी टर्पेंटाईन ओतायला सांगितले. त्या नाजूक जागी ते ओतल्यावर कुत्र्याने जो आक्रोश केला तो अजून माझ्या कानांत आहे. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यामुळे बंद होत्या, म्हणून पेण-पनवेलमार्गे गाडी करून त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेले. तिथे गुंगी देऊन एक-एक अळी चिमट्याने काढली, जखम धुतली, आणि ती भरून यायला महिना लागला. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की ज्याला त्रास नव्हता त्याच्या ग्रंथी तुम्ही पिळायला सुरुवातच का केलीत? माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्या यजमानांना हातमोजे भांडी घासायला वापरू द्या.

सड्यावरचा (रत्नागिरी)

मी पशुवैद्य आहे आणि पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आहे. नोकरीचा बराच काळ गाई-म्हशींमध्ये गेला असला तरी बूड घासणारी कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत. तपासल्यावाचून निदान करता येत नाही, हे आधी सांगून ठेवतो.

प्रथम सासूबाईंचा मुद्दा. तो वास खाल्लेल्या माशांचा नाही. गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना, घड्याळाच्या तबकडीवर जिथे चार आणि आठ असतात साधारण तिथे, कातडीच्या आत एकेक लहान पिशवी असते. पिशवीच्या आतील अस्तरात ग्रंथी असतात, त्यांचा स्राव पिशवीत साठतो आणि अगदी बारीक नळीने गुदद्वाराच्या कडेला बाहेर येतो. या स्रावाचा वासच कुजक्या मासळीसारखा असतो. जन्मात मासा न पाहिलेल्या, ताकभातावर वाढलेल्या कुत्र्यालाही तोच वास येतो. कुत्री एकमेकांची ओळख त्यावरून पटवतात. पिल्लू घाबरले, फटाका वाजला किंवा कोणी एकदम उचलले, तर दोन थेंब आपोआप बाहेर पडतात. एवढ्याने त्याला रोग म्हणू नये. गोधडीवरचे डाग त्याचेच असावेत. स्राव पिवळसर पातळ असो वा तपकिरी दाट, तो एरवी चालतो. त्यात पू किंवा रक्त दिसले तर मात्र थांबू नये.

आता पिशवी भरते आणि तुंबते कशी, ते पाहू. ती रिकामी करण्याचे काम निसर्गाने बोटांवर सोपवलेले नाही, घट्ट विष्ठेवर सोपवले आहे. विष्ठा बाहेर पडताना दोन्ही पिशव्यांवर दाब येतो आणि प्रत्येक वेळी थोडा स्राव निघून जातो. विष्ठा भिजवलेल्या पिठासारखी असेल तर हा दाब पडतच नाही, स्राव आत राहतो, दाटतो, आणि मग नळी बुजते. आपण दिलेल्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती नाचणीच्या पिठाची उपमा. पाच आठवडे ज्या पिल्लाची विष्ठा सैल आहे, त्याच्या ग्रंथी आज पिळून रिकाम्या केल्या तरी त्या पुन्हा भरतील, कारण मूळ दोष पिशवीत नसून आतड्यात आहे. रेवदंड्याच्या सदस्यांनी सांगितलेला अनुभव दुर्मीळ नाही. विनाकारण आणि वारंवार पिळल्याने ती बारीक नळी दुखावते, सुजते, अरुंद होते, आणि ज्यासाठी पिळले तेच दुखणे जडते. पिशवी आधीच सुजलेली असेल तर दाबामुळे ती आतल्या आत फुटून संसर्ग आजूबाजूला पसरू शकतो. चार किलोच्या पिल्लाची ही जागा किती लहान असते याची कल्पना चित्रफितीतल्या मोठ्या कुत्र्यावरून येत नाही.

इतक्या लहान वयात बूड घासण्याचे कारण म्हणून मी आधी जंतांवर संशय घेईन. पिल्लांना जंत आईकडूनच येतात, गोलकृमी गर्भात असतानाच आणि अंकुशकृमी दुधातून, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि त्यानंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला औषध द्यावे लागते. काजूला ते एकदाच मिळाले आहे. शिवाय जे पातळ औषध सर्रास पाजले जाते त्यात बहुधा पायरँटेल असते. ते गोलकृमी आणि अंकुशकृमी यांवर चालते, पट्टकृमीवर चालत नाही. म्हणून माझा प्रश्न असा: त्याच्या शेपटीखालच्या केसांत किंवा गोधडीवर भाताच्या शितासारखे काही चिकटलेले दिसले आहे का? आणि पोटाकडच्या विरळ केसांत पिसवा आहेत का?

इसबगोलाविषयी एक सूचना. तो वाईट नाही, परंतु पुरेसे पाणी पोटात गेले नाही तर उलट मल घट्ट धरून बसतो, आणि जंत असलेल्या पिल्लाला कुंथायला लावणे धोक्याचे असते. कुंथून कुंथून आतड्याचा शेवटचा भाग बाहेर आलेली पिल्ले मी पाहिली आहेत. चार किलोच्या पिल्लाला चमचाभर हे प्रमाणही फार होते. आणि दुधातून तर नकोच. म्हशीचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, आणि सैल विष्ठेचे ते पहिले कारण असू शकते.

ओटीवरची

डॉक्टर, आपला प्रश्न वाचून मी दोन मिनिटे गप्प बसले. तसे शीत मी त्याच्या शेपटीखाली गेल्या आठवड्यात दोनदा पाहिले आणि दोन्ही वेळा दूधभात सांडून त्यात बसला असेल असे समजून ओल्या फडक्याने पुसून टाकले. आज सकाळी पुन्हा एक दिसले. या वेळी पुसले नाही, चष्मा लावून पाहिले. ते आखडले आणि पुन्हा लांबले.

पिसवा आहेत. पोटाला विंचरल्यावर काळे कण पडतात, ते ओल्या कागदावर ठेवले तर तांबूस होतात.

सड्यावरचा

मग निम्मे निदान आपणच केले आहे. ते शीत म्हणजे पट्टकृमीचा सुटलेला खंड, आत अंडी भरलेला. तो गुदद्वाराच्या कडेला वळवळतो, खाज सुटते आणि पिल्लू बूड घासते. तांबूस होणारे काळे कण म्हणजे पिसवांची विष्ठा, जी पचलेले रक्तच असते. पिसवांच्या अळ्या ती अंडी खातात, त्यांच्यापासून झालेली पिसू पिल्लू अंग चावताना गिळते, आणि पट्टकृमी पोटात वाढतो. त्यामुळे जंताची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात हेच शीत पुन्हा दिसेल. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल असलेले औषध लागते; ते आणि पिसवांचे औषध दोन्ही वजन करून, वय सांगून डॉक्टरांकडूनच घ्यावे. मोठ्या कुत्र्यासाठी आणलेला गोचिडांचा द्राव पाण्यात मिसळून पिल्लाला आंघोळ घालणे ही आपल्याकडे नेहमी घडणारी चूक आहे आणि त्यात पिल्ले दगावतात. गोधड्या कढत पाण्यात धुवाव्यात, ओटीच्या फटी आणि पायऱ्यांखालची माती झाडून काढावी, कारण पिसवांची बहुतेक पिलावळ अंगावर नसून जमिनीवर असते.

तरीही दवाखान्यात जाऊन ग्रंथी तपासून घ्याव्यात. वास आणि डाग आहेत, म्हणजे त्या भरलेल्या असू शकतात. डॉक्टर बाहेरून किंवा हातमोजा घालून करंगळीने चाचपतील, आणि खरोखर तुंबलेली असेल तर एकदा रिकामी करतील. एकदा रिकामी करून घेण्याला माझा विरोध नाही, सवय लावण्याला आहे. ताज्या विष्ठेचा नमुना स्वच्छ डबीत न्यावा.

तोवर गुदद्वाराच्या एका बाजूला सूज आली, कातडी लाल-जांभळी दिसली, पिल्लू शी करताना किंचाळले, किंवा ताप आला तर त्याच दिवशी जावे. कुत्र्याचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे नेहमीचेच असते. आपल्या हाताला ते गरम लागते म्हणून घाबरू नये. दुखते म्हणून माणसांच्या गोळ्या मात्र देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, पॅरासिटामॉलही अंदाजाने देण्याची वस्तू नाही.

खाडीपलीकडे

इसबगोलाचा सल्ला मी मागे घेतो. आमची कुत्री वीस किलोची आहे, हे मी लिहायला विसरलो होतो. एक विचारतो: हळद आणि खोबरेल लावले तर खाज शमते का? आणि घरात लहान मुले अंगणात अनवाणी फिरत असतील तर त्यांना या जंतांचा काही उपद्रव होतो का?

सड्यावरचा

हळद-खोबरेल लावल्याने अपाय नाही, परंतु पिल्लू ते चाटून टाकते आणि जास्त चाटल्याने तीच जागा ओली राहते. जंत आत असताना बाहेरून लावलेल्या तेलाने काय होणार?

मुलांविषयी विचारलेत ते योग्य झाले. अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर, सावलीतल्या वाळूत आणि मातीत जगतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग पायावर नागमोडी, खाजणारी लाल रेघ उमटते. पावसाळ्यातले पोफळीचे आगर त्यांना फार मानवते. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून पुरावी, मुलांनी चपला घालाव्यात आणि पिल्लाला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

ओटीवरची

शुक्रवारी दवाखान्यात जाऊन आलो, तपशील लिहिते. विष्ठेच्या नमुन्यात अंकुशकृमींचीही अंडी सापडली, आणि हिरड्या फिकट असल्याने रक्तवाढीचे औषध दिले आहे. डावी ग्रंथी रिकामीच होती. उजवी वाटाण्याएवढी भरलेली होती. डॉक्टरांनी ती अलगद दाबली तेव्हा तपकिरी, मलमासारखा दाट स्राव आला. पू नव्हता. त्या क्षणी खोलीत जो वास सुटला तो पाहता सासूबाईंना तीन दिवस एवढा शोध का घ्यावा लागला याचेच मला नवल वाटले. काजू एकदा कुंईं करून ओरडला आणि लगेच शेपूट हलवू लागला. जंतांच्या दोन्ही प्रकारांसाठी औषध झाले, पंधरा दिवसांनी पुन्हा आहे. पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब वजनाप्रमाणे दिले.

दूध बंद केले आहे. डॉक्टरांनी नुसत्या भातावरही ठेवू नका असे बजावले, कारण वाढत्या पिल्लाच्या हाडांना त्यातून काही मिळत नाही. त्यामुळे पिल्लांचे तयार खाद्य आठवडाभर थोडे थोडे वाढवत सुरू केले, आणि त्यात दोन चमचे उकडलेला लाल भोपळा कुस्करून घालतो. खारवलेल्या बांगड्याची डोकी मिठामुळे आणि काट्यांमुळे कायमची बंद. ताजा मासा उकडून, काटे काढून, अधूनमधून चालेल असे ते म्हणाले. पुढच्या वेळी ग्रंथी दाबाव्या लागतील का, असे यजमानांनी आशेने विचारले. त्रास झाला तरच दाखवा, असे उत्तर मिळाले.

नारळीपोफळी

फार बरे वाटले. आमच्या स्पिट्झची ती ग्रंथी पुढे पुन्हा दोनदा पिकली आणि शेवटी शस्त्रक्रिया करून काढावी लागली. शस्त्रक्रियेनंतर शी रोखण्याची शक्ती जाऊ शकते असे आधी सांगून, कागदावर सही घेतली होती. सुदैवाने तसे झाले नाही. तुम्ही वेळेवर विचारलेत.

ओटीवरची

गौरी-गणपती झाले, म्हणून शेवटचे कळवते. जंतांचा दुसरा डोस झाला, आणखी एक पुढच्या महिन्यात आहे. काजू आता सहा किलोच्या वर गेला आहे आणि हिरड्या गुलाबी झाल्या आहेत. शी घट्ट होते. उचलली तर लादीवर डाग राहत नाही, हे सासूबाईंचे प्रमाण आहे. मधे दोन दिवस पाहुण्यांनी त्याला खिरापत आणि मोदकांचे सारण चारले तेव्हा पुन्हा सैल झाली आणि तिसऱ्या दिवशी त्याने एकदा बूड घासले, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला संबंध आम्ही डोळ्यांनी पाहिला. खाणे जागेवर आणल्यावर ते थांबले.

काल गणपतीनंतरची पहिली मासळी घरात आली. मी बांगडे साफ करायला बसले, तर माजघरातून सासूबाई बाहेर आल्या, परडीकडे पाहिलेही नाही, आणि आधी काजूचे शेपूट उचलून पाहिले.